इन्सर्टच्या नावाने गळा काढणाऱ्यांसाठी

परवा एका टर्नरच्या निरोप समारंभाला गेलो होतो. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्याला ओळखत नाही असं शेड सापडायचं नाही. शाल झाली, श्रीफळ झालं, चिवडा-पेढे झाले आणि मग भाषणं सुरू झाली. एक गृहस्थ उठले (नाव घेत नाही, माणूस सज्जन आहे) आणि म्हणाले, "ह्यांच्या पिढीनं टूल घासलं. आताची पोरं नुसता स्क्रू आवळतात. इन्सर्ट आलं आणि टर्नर मेला!"

टाळ्यांचा कडकडाट. मीही वाजवल्या, हात सवयीने वाजतात. पण घरी येताना डोकं तापायला लागलं. हे वाक्य गेल्या वीस वर्षांत मी शंभरदा तरी ऐकलं असेल. बोलणाऱ्याला बरं वाटतं, ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना बरं वाटतं, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या पोराला कळतं की आपण कारागीर नाही, स्क्रू आवळणारे आहोत. त्या समारंभात तशी चार पोरं चिवड्याच्या प्लेटा वाटत होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, हातात प्लेटा होत्या. म्हणून हे लिहितोय. काही जणांना राग येईल, येऊ दे.

ज्यांचा लेथशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोल्टवर गोल गोल फिरत जाणारी जी खाच असते तिला आम्ही आटे म्हणतो. लेथवर गज फिरतो आणि टूल त्याच्या कडेने सरकतं. गजाच्या एका फेऱ्यात टूल जेवढं सरकेल तेवढा आट्याचा पिच, आणि टूलच्या टोकाचा जो कोन तोच आट्याचा कोन. हे टोक पूर्वी टर्नर स्वतः ग्राइंडरवर घासून काढायचा, हायस्पीड स्टीलच्या चौकोनी कांडीला. आता कार्बाइडची तिकोनी चकती तयार मिळते, नखाएवढी. एक कोपरा गेला की स्क्रू सैल करायचा, चकती फिरवायची, दुसरा कोपरा पुढे. तिन्ही गेले की नवी. हेच ते इन्सर्ट, ज्याने म्हणे टर्नर मारला.

मी आयटीआय करून टर्नर म्हणून बाहेर पडलो 1989 साली. पहिली नोकरी पूर्व भागातल्या एका जॉबिंगच्या वर्कशॉपात. तिथले उस्ताद म्हणजे आमचे मामा. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. हातात जादू होती असं लोक म्हणतात तशी त्यांच्या हातात खरोखर होती. पण आट्याचं टूल घासायची वेळ आली की मामा म्हणायचे, "जा बे, चहा सांगून ये." चहा सांगून येईपर्यंत टूल तयार. एखादवेळी मी रेंगाळलो तर ते ग्राइंडरकडे तोंड करून अशा बेताने उभे राहायचे की मला फक्त त्यांचा शर्ट दिसायचा. सहा महिने मी मामांची पाठ बघितली. त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्या उस्तादाने त्यांनाही पाठच दाखवली असणार. जे हातात आहे ते दुसऱ्याला दिलं तर उद्या मालक आपल्याला काढेल, ही भीती खोटी नव्हती.

पुढे मी स्वतःच शिकलो. चुकून चुकून. कोन जमायचा, पण कडेची क्लिअरन्स राहायची नाही. आटा तिरका चढत जातो, त्यामुळे टूलची पुढे जाणारी कड जरा जास्त घासावी लागते. नाहीतर ती कापत नाही, नुसती रगडते आणि आट्याची बाजू खरबरीत येते. हे कळायला मला वर्ष लागलं. कोणी सांगितलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. आणि एक सांगतो, त्या सोनेरी काळात घासलेल्या टूलांपैकी निम्मी तरी चुकीची असायची. गेज लावून उजेडाकडे धरून बघणारे थोडे. बाकीचे नजरेने घासायचे, नट बसला की काम पास. कोणाचं टूल 58 अंशाचं, कोणाचं 62 चं. ग्राइंडरची धूळ नाकात, ठिणगी डोळ्यात, हे तर कोणी भाषणात सांगतच नाही.

बरं, "सोपं झालं म्हणजे कसब मेलं" हा हिशोब लावायचाच तर नीट मागून लावू. इंग्लंडात 1800 च्या सुमारास हेन्री मॉडस्लेने लीडस्क्रू आणि बदलते गिअर असलेला आटे पाडायचा लेथ केला. त्याआधी लोक हातात दात्याचं टूल धरून, हाताच्या अंदाजाने आटे काढायचे. म्हणजे आमच्या मामांचा लेथ हाच मुळी कोणाच्यातरी हातातलं कसब काढून घेऊन उभा राहिलेला! 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि 55 अंशाचा आटा ठरवला. 1864 मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने 60 अंश सुचवला. त्याचं म्हणणं काय होतं? साध्या कामगाराला 60 अंश करायला आणि तपासायला सोपा जातो. आज जगभर जो मेट्रिक आटा चालतो त्याचा कोनही 60 च आहे. तेव्हा सोपं करणं हे आमच्या धंद्यावर आलेलं संकट नाही. आमचा धंदाच त्यावर वाढला आहे.

आता इन्सर्ट काय देतं ते बघा. ते टोकाचा कोन देतं, बस्स. तो कोन तुमच्या-माझ्या हातापेक्षा शंभरपट बरा असतो. बाकी सगळं टर्नरकडेच राहतं. टूल सेंटरला आहे का, गजाशी काटकोनात आहे का, गिअर कोणते, काप सरळ द्यायचा की कंपाउंड 29 अंशावर फिरवून एका बाजूने द्यायचा, कितव्या कापाला किती खोल, हाफ नट कुठे पाडायचा. माझ्याकडे बटाल्याचा जुना लेथ आहे, लीडस्क्रू इंचाला चार आट्यांचा. त्यावर 16 आटे पाडायचे असले तर हाफ नट कुठेही पाडा, चालतं. 11 सारखा विषम आकडा आला की डायलच्या आकड्याच्या रेषेवरच पाडायचा. आणि त्याच लेथवर मेट्रिक आटा पाडायचा तर 127 दात्यांचा गिअर लागतो (पाच इंच म्हणजे 127 मिलिमीटर, म्हणून) आणि काम संपेपर्यंत हाफ नट उघडायचाच नाही, मोटर उलटी फिरवून मागे यायचं. यातलं इन्सर्टच्या डबीवर काय लिहिलेलं असतं? काही नाही.

वेगाचं तर विचारूच नका. कार्बाइडला वेग लागतो. 5/8 इंचाचा गज घ्या, मिनिटाला 60 मीटरने कापायचं म्हटलं तर गज 1200 फेऱ्यांनी फिरवावा लागेल. इंचाला 11 आटे, म्हणजे टूल सेकंदाला 46 मिलिमीटर पळणार. दीड इंचाचा आटा एका सेकंदाच्या आत संपला आणि पुढे खांदा! कोणाचा हात एवढा चपळ आहे हाफ नट उचलायला? म्हणून पोरगं घाबरून 150 फेऱ्यांवर चालवतं. एवढ्या हळू चालवलं की धातू इन्सर्टच्या टोकाला चिकटतो, टोक टवका निघून जातं, आणि मालक ओरडतो, "एका इन्सर्टला दोघांच्या जेवणाचे पैसे पडतात, कळतं का तुला?" पोराचं काय चुकलं? कमी वेगात चालणारी चिवट ग्रेड वेगळी मिळते हे त्याला कोणी सांगितलं? टूल उलटं बांधून, गज उलटा फिरवून, खांद्यापासून टेलस्टॉककडे आटा काढत यायचं, म्हणजे टूल मोकळ्यात सुटतं, हे कोणी दाखवलं? (आणि ज्या लेथचा चक स्पिंडलच्या आट्यांवर बसतो त्यावर हा उद्योग करायचा नाही, उलट फिरताना चक सुटून अंगावर येतो, हे तर आधी दाखवायला हवं.) हायस्पीडचं घासलेलं टूल अशा जागी आजही उत्तम चालतं. इन्सर्टवाला सेल्समन हे सांगणार नाही आणि गळा काढणारे तर दोन्ही नीट वापरत नाहीत.

आता माझी गोष्ट. ही सांगितल्याशिवाय वरचं सगळं बोलायचा मला हक्क नाही.

सोलापूर अजून निम्मं इंचात जगतं. जुनी मिल 1877 ची. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. त्या सगळ्या मिलमध्ये यंत्रं विलायती, सगळे आटे व्हिटवर्थचे. मिल बंद पडल्या, माग पूर्व भागात घराघरात आणि शेडाशेडात राहिले. आपल्या चादरीला आणि टॉवेलला जीआय मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण जुन्या धाटणीचे जे शटलचे माग आजही खडखडतात त्यांची ठेवण लँकेशायरची आहे. देशात दशमान मापांचा कायदा 1956 ला झाला, पण मागाच्या नट-बोल्टांनी तो वाचलेला नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका टॉवेलच्या कारखान्यातून 40 स्टडची ऑर्डर आली. 5/8, इंचाला 11, पिकिंगच्या बाजूचे. पिकिंग म्हणजे शटलला जिथून फटका बसतो ती जागा, मागात सगळ्यात जास्त हादरे तिथेच. माझ्याकडे तेव्हा आटे पाडायचं एकच इन्सर्ट असायचं, 16 ईआर एजी 60. हे सगळ्या टर्नरांचं लाडकं इन्सर्ट आहे. अर्धा मिलिमीटरपासून तीन मिलिमीटरपर्यंतचे सगळे पिच त्याच एका टोकाने निघतात, इंचात म्हणाल तर 48 पासून 8 पर्यंत. दुकानदाराने सांगितलं होतं, "मालक, एकच घ्या, सगळ्याला चालतंय." मला ते ऐकायचंच होतं.

पोरगा नवीन होता, हुशार होता. त्याने गिअर बरोबर लावले, पिच बरोबर काढला. नट लावून बघितला, जरा अडकला. अजून एक काप दिला, नट सर्रकन बसला. "बसला मालक." मी म्हटलं, "दे पाठवून."

व्हिटवर्थ 55 चा. इन्सर्ट 60 चं. मला माहीत नव्हतं? आयटीआयच्या परीक्षेत आकृती काढून मार्क मिळवले होते! पण 5/8 ला व्हिटवर्थचेही 11 आटे आणि अमेरिकन यूएनसीचेही 11. अर्ध्या इंचाचा अपवाद सोडला (तिथे एक 12 आणि एक 13) तर रोजच्या वापरातले बहुतेक साइज असेच जुळतात. म्हणून नट बसतो, आणि बसतो म्हणून कोणाला संशय येत नाही. शिवाय बारीक पिचलाही चालावं म्हणून त्या इन्सर्टचं टोक बारीक ठेवलेलं असतं. व्हिटवर्थच्या आट्याची बूड गोल हवी, ती निघाली टोकदार. स्टडला पहिली चीर जायची झाली तर ती तिथूनच जाणार.

तीन आठवड्यांनी त्या कारखान्यातला जॉबर आला. काही न बोलता एक स्टड माझ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मालक, आटे बघा." मी उन्हात नेऊन बघितला. आट्याच्या बाजूवर नट टेकल्याची खूण असायला हवी, पूर्ण पट्टा चकचकीत. इथे बुडाशी फक्त एक बारीक चमकदार रेघ, बाकी बाजू कोरी. म्हणजे नट त्या एका रेघेवर उभा होता. हादऱ्याने ती रेघ दबली, आवळलेला ताण गेला, नट ढिला झाला, फटका वाकडा बसला आणि शटल उडालं. समोरच्या मागावरच्या विणकराच्या खांद्यावर बसलं. शटलला दोन्ही टोकांना लोखंडी अणी असते. एक वीत वर असतं तर...

असो. थोडक्यात निभावलं. त्याचे चार दिवस बुडाले, विणकराला पीसवर पैसे, माग बंद तर पैसे बंद. ते मी दिले. चाळीसच्या चाळीस स्टड परत मागवले आणि त्या रात्री मी स्वतः 55 चं टूल घासून नवे काढले. पोरगा शेजारी उभा होता. पहाटे दोनच्या सुमारास त्याने विचारलं, "मालक, हे तुम्हाला माहीत होतं?"

याचं उत्तर काय द्यायचं तुम्ही सांगा.

मामा वारल्यावर त्यांच्या मुलाने त्यांची पेटी मला आणून दिली होती. ती मी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट उघडली. आत दोन गेज होती, माशाच्या शेपटीच्या आकाराची. एकावर 60, एकावर 55. 55 चं वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालं होतं की आकडा बोटाला लागत नव्हता. म्हणजे मामा रोज बघत होते. मला कधी दाखवलं नाही. आणि मी पोराला दाखवलं नाही. मामांना निदान नोकरी जायची भीती होती. मला कसली होती? दुसऱ्या इन्सर्टची डबी घ्यायला लागेल याची.

म्हणून म्हणतो, इन्सर्टला शिव्या घालणं बंद करा. एजी 55 नावाचं इन्सर्ट त्याच दुकानात, त्याच फळीवर, त्याच किमतीला मिळतं. होल्डर तोच. ते आणलं नाही मी. टर्नर मेला असेल तर तो मालकांच्या काटकसरीने आणि उस्तादांच्या पाठीने मेला. तीन वर्षं हेल्पर म्हणून राबवायचं, बरी ओढून टाकायला लावायची, मधूनच लेथवर उभं करायचं, का आणि कशासाठी ते सांगायचं नाही, आणि मग समारंभात म्हणायचं की आताच्या पोरांना काही येत नाही!

कोणी म्हणेल, अहो आता सीएनसी आहे, हे कसले पंचावन्न-साठ काढत बसलात. तर मजा ऐका. फॅनुक कंट्रोलवर आटे पाडायची सायकल असते, जी 76. त्यात पी नंतर सहा आकडे लिहावे लागतात आणि शेवटचे दोन म्हणजे टूलच्या टोकाचा कोन. 60 लिहा, 55 लिहा, 29, 30, काय असेल ते. म्हणजे यंत्रसुद्धा काम सुरू करायच्या आधी कोन किती ते विचारतं. आणि तिथेही मी बघितलंय, प्रोग्रॅम मागच्या जॉबचा कॉपी करतात, 60 तसाच राहतो, इन्सर्ट तेच राहतं, पाइपच्या बीएसपी आट्यालाही तेच. बीएसपीही 55 चाच असतो बरं का. मग जॉइंट गळतो आणि सगळे टेफ्लॉन टेप गुंडाळत बसतात.

आमच्या शेडात आता दोन डब्या आहेत, 55 ला लाल रंग, 60 ला निळा. मामांची दोन्ही गेज लेथच्या वर खिळ्याला टांगली आहेत. तो पोरगा आज दुसरीकडे सीएनसीवर सेटर आहे, माझ्यापेक्षा चांगलं काम करतो. मधूनच फोन करून एखाद्या नटाचं वर्णन सांगतो आणि विचारतो, "कोणता असेल?"

समारंभात प्लेटा वाटणाऱ्या चार पोरांपैकी दोघांना मी ओळखतो. त्यांच्यातला कोणी हे वाचत असेल तर रविवारी सकाळी दहाला शेडवर या. ग्राइंडर चालू असेल, हायस्पीडच्या कांड्या आहेत, दोन्ही रंगांची इन्सर्टंही आहेत. चहा सांगायला मी जाईन. येताना गॉगल आणा, माझ्याकडे दोनच आहेत.